खर्जकाकांचा पहिला नियम

या, असे जवळ सरकून बसा. पुढच्या रांगेतल्या माणसाला कुणी खात नाही. हातातलं काम बाजूला ठेवा, आणि जमलं तर दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसा. का, ते शेवटी कळेल. एका बाईची आणि तिच्या हट्टाची गोष्ट सांगायची आहे. देवाने माणसाला कान दोनच दिले, पण ऐकायच्या वाटा काही दोनच ठेवल्या नाहीत, एवढं जरी आज तुमच्या पदरात पडलं तरी माझं सांगणं सार्थकी लागलं.

तर ही बाई. तिला सगळे वहिनी म्हणत. बँडमध्ये ड्रम वाजवणारा तिचा धाकटा दीर. तो वहिनी म्हणे, म्हणून गाणारा म्हणे, म्हणून सभागृहाचा व्यवस्थापक म्हणे. तिच्या नवऱ्याच्या तोंडूनही एकदा चुकून वहिनी निघालं होतं आणि त्याबद्दल त्याला आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं होतं. रोज सकाळी ती पावाची गाडी चालवी. रविवारी मात्र त्याच गाडीतल्या जाळ्या काढून त्या जागी गिटारचा आवाज मोठा करणारा चाळीस किलोचा अ‍ॅम्प आणि बास गिटार घाली आणि दुपारी तीनच्या आत नाचाच्या सभागृहावर हजर होई. गिटारला कायम ताज्या पावाचा वास येई. नाचायला येणाऱ्यांना भूक का लागते हे कुणाला कधी कळलं नाही.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाण्याचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो आणि फोटोत ती नसते. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. साक्षात देवाचंही तसंच चाललंय. पण वहिनीला ही विद्या ज्यांनी दिली, ते खर्जकाका, या बाबतीत देवाइतके सोशिक नव्हते.

खर्जकाकांनी चाळीस वर्षं बास वाजवला. लग्नात, नाचात, शाळांच्या संमेलनात, एकदा तर दुकानाचं उद्घाटन करणारा पाहुणा आलाच नाही म्हणून चार तास सलग. त्यांच्याकडे नियम होते. ते नियम त्यांनी वहिनीला कधी लिहून दिले नाहीत, कारण त्यांचे आकडे जुळत नसत. प्रत्येक नियम पहिलाच असे.

"पहिला नियम," ते म्हणत, "अ‍ॅम्प उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून वाकायचं. अ‍ॅम्प बाजारात मिळतात, कंबर मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी: "पहिला नियम. घरून जेवून निघायचं. कार्यक्रमाच्या जागी जेवण नेहमी नंतर असतं, आणि ते नंतर कधी येत नाही."

त्यानंतर: "पहिला नियम. वाजवून झालं की वायर गिटारमधून उपटायची. नाहीतर आतली बॅटरी खोक्यात झोपल्या झोपल्या मरते आणि पुढच्या कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला तुला कळतं." आणि, "पहिला नियम. वायर दोन, फ्यूज दोन, बॅटरी दोन. त्यातलं लीड गिटारवाल्याला एकही द्यायचं नाही. परत आलेलं मी पाहिलेलं नाही." आणि, "पट्ट्याच्या खुंटीवर बाटलीच्या झाकणातली रबरी चकती चढव, गिटार पायावर पडत नाही. पहिला नियम आहे हा." आणि, "चुकलीस तर ड्रमवाल्याकडे रागाने बघ. सगळ्यांना वाटतं तोच चुकला." हा शेवटचा नियम वहिनीने दिराच्या बाबतीत इतका पाळला होता की बिचाऱ्याला लोक घरी येऊन ताल शिकून घ्यायचा सल्ला देत.

आता काकांचे कान गेले होते. जाताना ते वरच्या, बारीक आवाजांपासून गेले. आधी पक्षी गेले, मग घंटी गेली, मग नातवंडं, मग बायको, आणि शेवटी पुरुषांचे आवाज. आता कानात काहीच येत नव्हतं. पण त्या सभागृहाची जमीन लाकडाची होती. उजव्या कोपऱ्यात, जिथे वहिनीचा अ‍ॅम्प असे, तिथून लांब फळ्या निघत आणि सरळ पहिल्या रांगेतल्या खांबाजवळच्या खुर्चीखाली जात. चार वर्षांपूर्वी काकांनीच ती जागा शोधली होती. दर रविवारी ते येत, खुर्चीवर बसत, बूट काढत, मोजे काढत, बोटं पसरून दोन्ही तळवे फळीवर ठेवत आणि तीनपासून पाच वाजेपर्यंत गाणी ऐकत. गाणाऱ्याचे स्पीकर वर भिंतीला ठोकलेले होते. त्यांतलं काही खाली येत नसे. काकांच्या आयुष्यात जेवढं संगीत उरलं होतं, तेवढं वहिनीच्या चार तारांतून येत होतं.

आणि एका रविवारी नाच संपल्यावर वहिनी वायर गुंडाळत होती, तेव्हा व्यवस्थापकाने दारावर कागद चिकटवला. या व्यवस्थापकाला सगळे किल्लीवाले म्हणत, कारण कमरेला तीस-बत्तीस किल्ल्या असत आणि दार उघडायच्या वेळी त्यातली एकही लागत नसे. कागदावर लिहिलं होतं: "पुढील रविवारपासून या सभागृहात बास गिटार वाजवण्यास मनाई आहे."

वहिनीने तो दोनदा वाचला. "किल्लीवाले, हे काय?"

"माझ्याकडे बघू नका. पलीकडच्यांची तक्रार आहे. कवळीवाल्यांची."

कोपऱ्यातल्या भिंतीपलीकडे कवळ्या बनवणाऱ्याची कार्यशाळा होती. दात नसलेल्या लोकांच्या तोंडाचे साचे त्याच्याकडे येत, आणि तो त्यांवर दात बसवून देई. रविवार दुपार ही त्याची शांतपणे काम करायची वेळ.

"काय तक्रार?"

"त्यांच्या कवळ्या वाजतात म्हणे. तुम्ही वाजवलं की काचेच्या फळीवर सगळे दात कडाकडा वाजतात. मागच्या रविवारी एका आजीबाईंचा साचा खाली पडून फुटला. पुन्हा बोलवावं लागलं त्यांना."

वहिनी गाणाऱ्याकडे वळली. हा बँडचा प्रमुख. रेशमी शर्ट, केसांना तेल, आणि पंधरा वर्षं सगळी गाणी एकाच सुरात गाणारा, कारण त्याचा गळा तिथेच बसत असे. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, त्याला हे आधीपासून माहीत होतं.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "माझ्याकडे फोनमध्ये सगळ्या गाण्यांचा बास भरून ठेवलेला आहे. स्पीकरमधून लावू. कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि तुम्ही काही घरी बसायचं नाही, तुम्ही आमच्याच. तुम्ही खुळखुळा वाजवा."

"काय वाजवू?"

"खुळखुळा. छान दिसेल तुमच्या हातात."

ड्रमवाल्या दिराने काड्या पिशवीत घातल्या आणि दोन पावलं मागे सरकला. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली की जवळ कोण उभं आहे हे ती बघत नसे, हे घरच्या माणसाला ठाऊक होतं.

पण ती खाली वाकली, गुडघ्यांतून, आणि अ‍ॅम्प उचलून गाडीत ठेवला.

सोमवारी पावाची फेरी आटोपून ती काकांकडे गेली. काकांशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागे. तिने लिहिलं: सभागृहात बास बंद.

काकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असं," ते म्हणाले. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्यांचं बोलणं मोठं असतं. शेजारच्या खिडकीतलं मांजर उठून गेलं. "बरं झालं. मलाही जिना चढवत नाही हल्ली. रविवारी बागेत जाऊन बसेन. बागेत बाकं असतात."

वहिनीने पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: तुम्ही बागेत जाणार नाही.

"अगं, भांडण कशाला? चार वर्षं मिळाली, पुष्कळ झाली."

वहिनीने त्याच ओळीखाली नुसती रेघ मारली. मग कवळ्यांची हकिकत लिहिली. काका वाचताना हसायला लागले, पोटावर हात ठेवून. आणि हसता हसता एकदम थांबले. "खोली विचारलीस का?"

वहिनीचा खडू थांबला.

"पहिला नियम," काका म्हणाले. "नव्या जागी गेलं की रिकाम्या खोलीत सगळ्यात जाड तार घ्यायची आणि एकेक सूर सावकाश वाजवायचा. प्रत्येक खोलीला एक सूर असतो, जो वाजला की खोली अंगावर येते. खिडक्या थरथरतात, समया पडतात, माणसं म्हणतात बास फार आहे. बास फार नसतो. एकच सूर फार असतो. तो शोधायचा आणि त्याला सांभाळून राहायचं. विचारलीस का?"

वहिनीने नाही म्हणून मान हलवली. चार वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी पावाच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. ती ऐन तीनला पोचली, काका म्हणाले अ‍ॅम्प इथे ठेव, तिने ठेवला आणि वाजवायला लागली. मग दर रविवारी वाटायचं, आता काय विचारायचं, आता ओळख झाली. हे म्हणजे चार वर्षं एकाच घरात राहून घरमालकाचं नाव न विचारण्यासारखं.

"चार वर्षं," काका म्हणाले. "मी बहिरा. तुला काय झालं होतं?"

ती लाजली आणि लाजेतूनच तिचा हट्ट पक्का झाला. चूक आपली असेल तर निस्तरायचीही आपणच, आणि खुळखुळा हातात न घेता.

मंगळवारी दुपारी तिने दिराला सभागृहात अ‍ॅम्पजवळ उभं केलं. किल्लीवाल्यांनी दार उघडायला चार किल्ल्या घेतल्या, त्या मिनिटांत तिने दिराला समजावलं. "भावोजी, नीट ऐका. ही सगळ्यात जाड तार. मी पलीकडे गेले की आधी मोकळी वाजवायची, मग पहिला पडदा, मग दुसरा, असं बारापर्यंत." पडदा म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी, तारेवर बोट कुठे दाबायचं ते तिच्यावरून कळतं. "प्रत्येक सूर दहा मोजेपर्यंत. मध्ये विश्रांती पाचची. आणि काही सुचलं तरी वाजवायचं नाही."

"वहिनी, मला दहापर्यंत येतं."

"गाण्यात चारच्या पुढे गेलेलं पाहिलं नाही म्हणून सांगितलं."

मग ती बाहेर पडली, वळसा घालून पलीकडच्या कार्यशाळेत गेली. कवळीवाले पांढऱ्या झग्यात बसले होते. पन्नाशीचे, बारीक, नाकावर भिंगाचा चष्मा, हातात कुणाचीतरी अर्धी बत्तीशी. मागे काचेच्या तीन फळ्या, त्यांवर साचे आणि कवळ्या ओळीने, एकेका खाली चिठ्ठी. शंभर तोंडं एकाच वेळी आपल्याकडे बघताहेत असं वहिनीला झालं.

"मी बास गिटारवाली," ती म्हणाली.

"मग दाराजवळच उभ्या राहा."

"राहते. साचा फुटला तो माझ्यामुळे, ते मान्य. आजीबाईंना माझ्या वतीने माफी सांगा. पण दहा मिनिटं तुमच्या कवळ्यांकडे बघू द्या."

"कशाला?"

"कुठला सूर वाजला की त्या बोलतात ते बघायला."

त्यांनी तिच्याकडे भिंगातून पाहिलं. एक डोळा मोठा, एक लहान. "बाई, सगळेच सूर वाजले की बोलतात."

"बघू."

भिंतीपलीकडून मोकळी तार आली. घुं. वहिनीने एक बोट दुमडलं. कवळ्या गप्प. पहिला पडदा: गप्प. दुसरा पडदा: काचेला नुसता शहारा आला आणि गेला. मग तिसरा.

मधल्या फळीवरची एक कवळी आधी हलली. मग तिच्या शेजारची. मग सगळी फळी. खट खट खट, कड कड कड, शंभर तोंडं एकदम, कुणी थंडीने कुडकुडावं तसे दात वाजायला लागले. एक सोन्याचा दात असलेली कवळी तर सरकत सरकत फळीच्या काठापर्यंत आली. वहिनीने आणि कवळीवाल्यांनी एकदमच हात पुढे केला. दहा मोजून झाले. शांतता. चौथा पडदा: काचेला पुन्हा नुसता शहारा. पाचवा: गप्प. सहावा, सातवा, बारापर्यंत, गप्प.

"एकच," वहिनी म्हणाली.

कवळीवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण दोन तास चालतं ते. तो एकच सूर दोन तास?"

"आमचा गाणारा पंधरा वर्षं त्याच सुरात गातो. फिरून फिरून तिथेच येतो."

"गरीब बिचारा."

"येत्या रविवारी मी येणार आहे," वहिनी म्हणाली. "गिटार घेऊन, त्याच कोपऱ्यात. तुम्ही इथे फळीसमोर बसा. माझ्या गिटारने एक दात जरी वाजला तर अ‍ॅम्प मी स्वतः उचलून नेईन आणि परत पाऊल टाकणार नाही. नाही वाजला, तर कागद काढायचा."

"त्या कोपऱ्यातच का? मध्ये ठेवा, माझी भिंत सुटेल."

वहिनीला सगळं सांगता आलं असतं. पण काकांचे पाय पुढे करून दया मागावी, हे तिच्या जिवावर आलं. "कोपरा माझा आहे," ती म्हणाली. "मनाई करायला सगळे पुढे असतात. एक रविवार बघायला काय जातं?"

कवळीवाल्यांनी हातातली अर्धी बत्तीशी उलटसुलट केली. "बसेन मी फळीसमोर," ते म्हणाले. "आणि मी डुलकी घेत नाही."

गाणाऱ्याला हे कळलं तेव्हा तो शुक्रवारच्या सरावात हातभर उडाला. "वहिनी, सभागृह हातचं जाईल. मी फोनवरचा बास लावणार, ठरलं."

"लावा की. मी येणार. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवणार. मला काढायचं असेल तर अ‍ॅम्प तुम्ही उचलून बाहेर ठेवा. चाळीस किलो आहे. कमरेतून वाकू नका."

"बरं, मग निदान सूर तरी..."

"तेच म्हणते. तुम्ही अर्धी पायरी, एकच पडदा, वर गा."

"अर्धी पायरी," गाणारा म्हणाला, जणू तिने त्याला छपरावर चढायला सांगितलं होतं. तो विषय तिथेच संपला.

म्हणजे गाणं तिसऱ्या पडद्याच्या सुरात आणि तिसरा पडदा बंद. घराच्या उंबरठ्यावर पाय न ठेवता घरात राहण्यातला प्रकार. वहिनीने शनिवारचा अख्खा दिवस पाव उतरवता उतरवता डाव्या हाताची बोटं हवेत चालवली. त्याच सुराचं धाकटं भावंड सगळ्यात बारीक तारेवर मिळतं, एक सप्तक वर. कुठे ते घ्यायचं, कुठे शेजारचे सूर घेऊन वळसा घालायचा. पण चार वर्षांची सवय. बोट आपल्या पायाने तिसऱ्या पडद्यावर जाऊन बसतं. म्हणून रविवारी सकाळी तिने घरातल्या औषधाच्या डब्यातली जखमेवर लावायची पट्टी काढली आणि जाड तारेखाली, तिसऱ्या पडद्याशी, खरखरीत बाजू वर करून चिकटवली. बोट तिथे गेलं की खरखर लागेल आणि आपोआप मागे येईल.

"गिटारला लागलं का कुठे?" दिराने विचारलं.

"अजून नाही. तुम्हाला लागेल."

तीन वाजता नाच सुरू झाला. पिकल्या केसांच्या जोड्या, घोट्याला पट्टे बांधलेल्या बायका, एकटेच नाचणारे एक सेवानिवृत्त मास्तर. काका जिना चढून आले, बसले, बूट काढले, मोजे काढले, बोटं पसरली. वहिनीने आल्या आल्या भिंतीवरचा विजेचा बोर्ड तपासून घेतला होता, कारण पहिला नियम असा की आपल्या बोर्डाला चहाची किटली लागते का ते बघावं.

पहिली चार गाणी तिने जीव मुठीत धरून वाजवली. बोट तीनदा पट्टीवर गेलं आणि तीनदा मागे आलं. पाचव्या गाण्यापर्यंत मात्र तिच्या लक्षात आलं की ती चार वर्षं जे वाजवत होती त्याहून हे चांगलं होतंय. वळसे घालताना सूर असे काही लागत होते की नाचणाऱ्यांची पावलं नवीन जागी पडायला लागली. काकांची मान हलत होती. एकदा तर त्यांनी कान असल्यासारखं बाजूच्या माणसाला "वा" म्हटलं.

सहावं गाणं अर्ध्यावर आलं आणि दार धाडकन उघडलं. कवळीवाले. पांढरा झगा, कपाळावर भिंग.

"वाजल्या," ते म्हणाले. "तीनही फळ्या. बाई, तुमचा शब्द."

नाचणाऱ्या जोड्या थबकल्या. किल्लीवाले किल्ल्या वाजवत पुढे आले. वहिनीने डाव्या हाताकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. मग तिला काहीतरी ऐकू आलं. तिने दोन्ही हात गिटारवरून काढले आणि डोक्यावर धरले, पकडलेल्या चोरासारखे.

बास चालूच होता.

घुं, घुं, घुं, तिसरा पडदा, तिसरा पडदा, तिसरा पडदा. सगळ्यांनी वर पाहिलं. कवळीवाल्यांच्याच भिंतीला ठोकलेल्या स्पीकरमधून तो येत होता. गाणाऱ्याने पायाशी ठेवलेल्या फोनवर हळूच बूट ठेवायचा प्रयत्न केला आणि फोन आणखी मोठ्याने वाजायला लागला.

"मी आपलं," गाणारा म्हणाला, "वहिनी आज जरा वेगळंच वाजवत होत्या, म्हणून आधाराला."

"आधार," दीर ड्रमच्या मागून म्हणाला. पंधरा वर्षांत तो पहिल्यांदाच मध्ये बोलला. "बुडणाऱ्याला दगडाचा."

फोन बंद झाला. त्या शांततेत एकच आवाज आला, तोही मोठा. "काय झालं? थांबलात का? चांगलं चाललं होतं की."

काकांना त्या फोनमधलं काहीच कळलं नव्हतं. भिंतीतला बास त्यांच्या पायांपर्यंत आलाच नव्हता. वहिनीने हात वर केले त्या क्षणी त्यांच्यापुरतं गाणं संपलं होतं. ते खाली फळीकडे बघत होते, बोटं पुन्हा पुन्हा दाबून. आपले पायही आता गेले की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं.

कवळीवाल्यांनी त्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग फळ्यांकडे, मग कोपऱ्यातल्या अ‍ॅम्पकडे. तोंडाच्या आतलं मोजणाऱ्या माणसाला अशी रेघ जोडायला फार वेळ लागत नाही. "कोपरा याच्यासाठी होय," ते हळूच म्हणाले. "बोलायचं नाही का?"

"पाय त्यांचे आहेत, माझे नाहीत," वहिनी म्हणाली. "वाजवू का पुढे?"

"वाजवा. तुमच्या गिटारने एकही दात वाजला नव्हता तोवर. मी मोजत होतो."

ते गेले नाहीत. दारातच उभे राहिले. शेवटचं गाणं आलं. ते दर रविवारी एकाच लांब सुरावर संपत असे, खालच्या, जाड तारेच्या, तिसऱ्या पडद्याच्या. काका त्याची वाट बघत. तो आला की डोळे मिटून बसत आणि मगच मोजे घालत. वहिनीने वरचा सूर घेतला. नियम म्हणजे नियम, शब्द म्हणजे शब्द.

काकांनी डोळे उघडले. "खालचा कुठाय?" सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "पोरी, खालचा राहिला."

वहिनी पट्टीवर बोट ठेवून उभी राहिली. दाबलं नाही.

"थांबा," कवळीवाले म्हणाले. "कुणी जाऊ नका." ते झगा सावरत जिन्याने धावले. दीर हलक्या हाताने झांज घासत राहिला, गाणं मरू नये म्हणून. दोन मिनिटांत ते परत आले. दोन्ही हातांवर मोठा ट्रे, ट्रेवर टॉवेल, आणि टॉवेलवर मधल्या फळीवरच्या सगळ्या कवळ्या दाटीवाटीने, लहान मुलं एका पांघरुणात झोपवावीत तशा. "बाकीच्या पलंगावर ठेवून आलोय," ते धापा टाकत म्हणाले. "वाजवा आता. एकदाच."

वहिनीने नखाने पट्टी सोलून काढली, गुडघे किंचित वाकवले आणि तिसरा पडदा दाबला.

सूर निघाला आणि लाकडात शिरला. कोपऱ्यातून फळ्यांवरून निघाला, नाचणाऱ्यांच्या टाचांखालून, खांबाच्या बुंध्याशी वळला आणि काकांच्या तळव्यांत पोचला. त्यांची दहाही बोटं पसरली. खिडक्या थरथरल्या, किल्लीवाल्यांच्या बत्तीस किल्ल्या आपोआप वाजल्या, आणि ट्रेमधली एकही कवळी तोंड उघडून बोलली नाही. वहिनीने तो सूर सोडलाच नाही. गाणाऱ्याने हाताने थांबायची खूण केली, तिने पाहिली, आणि आणखी दहा मोजून झाल्यावर सोडला.

काकांनी मोजे घातले. "हां," ते म्हणाले. "आता झालं."

"मी किती वेळ धरू हे?" कवळीवाले दारातून म्हणाले.

दारावरचा कागद कुणी काढला नाही, कारण त्याचा गोंद किल्लीवाल्यांचा होता आणि तेवढीच गोष्ट त्यांच्याकडे पक्की चिकटत असे. वहिनीने पेन्सिल घेऊन त्याखाली लिहिलं: "फक्त जाड तार, तिसरा पडदा. तोही पाच वाजेपर्यंतच." तो कागद तसाच राहिला. दर रविवारी पाचला पाच कमी असताना कवळीवाले ट्रे घेऊन दारात येत राहिले. फोन गाणाऱ्याने परत कधी पायाशी ठेवला नाही. खुळखुळा दिराच्या लेकीने नेला.

तुम्हीही कधी नव्या खोलीत वाजवायला गेलात, किंवा राहायला, किंवा नुसतं बोलायला, तर आधी खोलीला विचारा. तो पहिला नियम आहे. आणि माझं एवढं एक मागणं ऐका. आज घरी पोचाल, दारात पायातलं काढाल, गार जमिनीवर तळवे टेकतील, तेव्हा देवाचं नाव घ्या, आणि त्याच श्वासात खांबाजवळच्या त्या खर्जकाकांना एकदा आठवा.